महाकाय भोपळ्याचे वजन रात्री ठरते: उष्ण प्रदेशातील भोपळे आणि जुन्या वाणांची कलिंगडे

जगातील सर्वांत जड भोपळा ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंडमध्ये तोलला गेला आणि त्याचे वजन १,२७८.८ किलो भरले. त्याआधीचा विक्रम २०२३ सालचा, १,२४७ किलोंचा. तो भोपळा अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात वाढला होता. त्याही आधीचा, २०२१ सालचा १,२२६ किलोंचा भोपळा इटलीतील टस्कनी प्रांताच्या राद्दा इन कियांती या डोंगरावरच्या गावातला होता. नकाशा उघडून पाहिले, तर ही तिन्ही ठिकाणे ४३ अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे आहेत. सर्वांत जड कलिंगड मात्र अमेरिकेच्या उष्ण व दमट दक्षिण भागात, टेनेसी राज्यातील सेव्हियरव्हिल येथे २०१३ साली पिकले आणि ते १५९ किलोंचे होते. भोपळा आणि कलिंगड एकाच कुळातले वेल आहेत, दोघांनाही ऊन लागते, दोघांनाही थंडीचे वावडे आहे. तरीही एकाचे विक्रम थंड रात्रींच्या प्रदेशात आणि दुसऱ्याचे उकाड्याच्या प्रदेशात का होतात, हे समजून घेतले, तर आपल्यासारख्या उष्ण मुलखात या दोन पिकांकडून काय मागावे आणि काय मागू नये, हे बरेचसे उलगडते.

प्रथम भोपळ्याचे घराणे पाहू. स्पर्धेतले महाकाय भोपळे 'कुकुर्बिटा मॅक्झिमा' या जातीचे असतात. तिचे मूळ दक्षिण अमेरिकेतले. १९०४ साली सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात एका कॅनेडियन शेतकऱ्याचा भोपळा ४०३ पौंड, म्हणजे सुमारे १८३ किलो भरला आणि तो विक्रम १९७६ पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. त्यानंतर कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातील विंडसर गावच्या हॉवर्ड डिल यांनी अनेक वर्षे निवड करून 'अटलांटिक जायंट' हा वाण स्थिर केला आणि १९८१ साली ४९३.५ पौंडांचा, म्हणजे सुमारे २२४ किलोंचा भोपळा पिकवला. आजचे जवळजवळ सगळे विक्रमी भोपळे याच वंशातले आहेत. १९९६ साली एक हजार पौंडांची आणि २०१२ साली दोन हजार पौंडांची मर्यादा ओलांडली गेली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत वजन पाचपटींहून अधिक वाढले, यामागे खतांचा आणि कौशल्याचा वाटा आहेच. पण वेलीच्या शरीरातही एक बदल झालेला आहे.

हार्वर्डमधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाकाय वाणांची तुलना त्याच जातीच्या साध्या वाणांशी केली. अपेक्षा अशी होती की, मोठ्या भोपळ्याची पाने जास्त साखर बनवत असतील किंवा साखर अधिक वेगाने वाहत असेल. प्रत्यक्षात पानाच्या तेवढ्याच क्षेत्रात तेवढीच साखर बनत होती आणि वाहण्याचा वेगही वाढलेला नव्हता. फरक होता तो अन्नवाहिन्यांच्या प्रमाणात. महाकाय वाणाच्या खोडात आणि देठांत साखर वाहून नेणारे ऊतक अधिक होते. म्हणजेच निवड करणाऱ्यांच्या नकळत फळापर्यंतचा मार्ग रुंद होत गेला. पानांच्या उत्पादनक्षमतेत मात्र काही चमत्कार घडला नाही. उष्ण प्रदेशातील माणसाने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण बियाणे कितीही नामांकित असले, तरी पानांनी बनवलेली साखर शिल्लकच राहिली नाही, तर रुंद मार्गाचा उपयोग होत नाही.

शिल्लक म्हणण्याचे कारण असे की, वेलीचा हा व्यवहार घरच्या जमाखर्चासारखा आहे. मिळकत फक्त दिवसा होते, खर्च मात्र दिवसरात्र चालू राहतो. पाने उजेडात साखर बनवतात, आणि वेलीची प्रत्येक जिवंत पेशी श्वसनासाठी ती साखर अहोरात्र जाळते. श्वसनाचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो. रात्रीचे तापमान १६ अंश असेल, तर जेवढी साखर खर्च होईल, त्याच्या सुमारे दुप्पट साखर २६ अंशांच्या रात्री खर्च होते. दिवसाची बाजूही भक्कम राहत नाही. पस्तीस अंशांच्या वर, कोरड्या वाऱ्यात, पाणी वाचवण्यासाठी पान आपली पर्णरंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रे, आवळून धरते. त्यामुळे हवेतला कर्बवायू आत येत नाही आणि ऐन दुपारी, उजेड सर्वांत प्रखर असताना, साखर बनण्याचे काम मंदावते. नागपूरला मे महिन्यात रात्रीचे तापमानही २८ अंशांच्या आसपास राहते; कोकणात आणि गोव्यात ते थोडे कमी असले, तरी दमट हवेमुळे पहाटेपर्यंत फारसे उतरत नाही. अशा ठिकाणी दिवसा आवक घटते आणि रात्री खर्च वाढतो. टस्कनीतही उन्हाळी दिवस चांगले तापतात, पण समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवरच्या राद्दासारख्या गावी रात्री हवा निवते. माझ्या मते राद्दाच्या त्या भोपळ्याचे मर्म तिथल्या दिवसांपेक्षा तिथल्या रात्रींत आहे.

उष्णतेचा आणखी एक तोटा सहसा बोलला जात नाही. गरम हवेत फळ लवकर पक्व होते. महाकाय भोपळा फळधारणेनंतर सत्तर-ऐंशी दिवस, अनुकूल हवामानात त्याहूनही अधिक काळ वाढत राहतो आणि भरात असताना दिवसाला पंधरा-वीस किलो वजन घेतो. उष्णतेत हाच काळ आखडतो. साल घट्ट होते, वाढ थांबते आणि वेल हिरवीगार असूनही फळ पुढे जात नाही.

याही आधीचा अडसर फुलांचा आहे. भोपळावर्गीय वेलीवर नर आणि मादी फुले वेगळी येतात. तापमान चढे असले आणि दिवस मोठा असला की नर फुलांचे प्रमाण वाढते आणि मादी फुले उशिरा व विरळ येतात. भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि ऊन चढताच मिटू लागते. तापमान ३२ ते ३५ अंशांच्या पुढे गेले की परागकणांची उगवणशक्ती झपाट्याने घटते, म्हणून मधमाश्यांवर विसंबून न राहता सूर्योदयाच्या सुमारास हाताने परागीभवन करावे: ताजे नर फूल तोडून, पाकळ्या काढून, त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीच्या प्रत्येक भागावर हलकेच फिरवावे. उष्ण भागांतील हौशी उत्पादक तर मादी फुलाभोवती सावली करून शेजारी बर्फाच्या पिशव्या ठेवतात. हा उपाय ऐकायला अतिरेकी वाटेल, पण फळ धरण्याचे पहिले दोन दिवस निभावले की पुढचे काम तुलनेने सोपे असते, आणि त्या दोन दिवसांत फुलाजवळची हवा चार अंशांनी उतरली, तरी लाभ होतो.

मग सरळ थंडीत लागवड करावी, असे कोणी म्हणेल. इथे दिनमानाचा पेच उभा राहतो. मिनेसोटात जूनअखेरीस दिवस साडेपंधरा तासांहून मोठा असतो आणि रात्री तरीही सुखद असतात. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि थंड रात्री ज्या डिसेंबरात मिळतात तेव्हा दिवस जेमतेम अकरा तासांचा. मोठे दिवस आपल्याकडे एकतर मे महिन्याच्या काहिलीत येतात किंवा पावसाळी ढगांखाली जातात. मोठा दिवस आणि थंड रात्र ही जोडी दख्खनच्या पठारावर एकत्र येतच नाही. त्यामुळे एक टन वजनाचे स्वप्न इथे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शंभर किलोंच्या आसपासचा भोपळा मात्र इथेही मनावर घेण्याजोगा आहे आणि तो पिकवणे हे कसोटीचेच काम आहे.

उष्ण पट्ट्याजवळ काय साधू शकते, याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. न्यू साउथ वेल्स राज्याच्या उत्तर टोकाला, सुमारे साडेअठ्ठावीस अंश दक्षिण अक्षांशावर कायोगल हे गाव आहे. तिथे महाकाय भोपळे आणि कलिंगडे यांची स्पर्धा जानेवारीत भरते आणि २०२१ साली तिथे ८६७ किलोंचा भोपळा तोलला गेला. त्या गोलार्धात जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, म्हणजेच तिथले उत्पादक हिवाळा सरता सरता बी टाकतात, वसंतात वेल वाढवतात आणि उन्हाळ्याचा सर्वांत कठीण भाग सुरू होईपर्यंत फळ बहुतांश वाढवून घेतात. दिनदर्शिका मागे ओढण्याची ही रीत आपल्यालाही उपयोगी आहे. पठारावर मला सर्वांत योग्य वाटते ती सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली लागवड: वेलीचा विस्तार ऑक्टोबरच्या उबेत होतो, फळधारणा नोव्हेंबरात होते, आणि फळ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे ऊन तापण्याआधी, पूर्ण होते. डिसेंबरच्या कडाक्यात रात्रीचे तापमान दहा-बारा अंशांवर आले की वाढ मंदावते. अशा रात्री फळावर गोधडी किंवा जुने पोते टाकणे हा साधा आणि कामाचा उपाय आहे.

वाणाची निवड इथेच करायला हवी. आपल्या बाजारातला लाल भोपळा बहुधा 'कुकुर्बिटा मॉस्काटा' या वेगळ्या जातीचा असतो. देठावरून तो ओळखता येतो: त्याचा देठ कडक, कंगोरेदार आणि फळाला चिकटतो तिथे पसरट असतो, तर मॅक्झिमाचा देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊ असतो. मॉस्काटा उष्णता अधिक सोसते. अटलांटिक जायंटएवढे वजन ती देत नाही, परंतु विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याने पहिल्या वर्षी गावरान मॉस्काटातीलच सर्वांत मोठ्या फळाचे बी घेऊन सुरुवात केली, तर तंत्र हाताला बसते आणि नुकसानही होत नाही. परदेशी बियाणे टपालाने मागवण्याआधी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार बियाण्याच्या आयातीस परवाना आणि आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा केवळ कागदी सोपस्कार नाही, कारण कलिंगडावरील जिवाणूजन्य फळडागासारखे रोग बियांतूनच देशोदेशी पसरले आहेत.

पाण्याचे गणित मात्र स्वतः मांडावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एका भोपळ्याच्या वेलीने साठ चौरस मीटर जागा व्यापली आणि नोव्हेंबरात दिवसाला चार मिलिमीटर पाणी उडून जात असेल, तर तिला रोज २४० लिटर लागतील. तीच वेल एप्रिल-मेमध्ये आठ मिलिमीटरच्या हिशोबाने ४८० लिटर मागेल. एका आळ्यात ओतलेले पाणी एवढ्या विस्ताराला पुरत नाही, कारण अन्न शोषणारी बहुतेक मुळे वरच्या तीस सेंटीमीटर थरात दूरवर पसरलेली असतात. म्हणून ठिबकच्या नळ्या वेलीच्या पूर्ण पसाऱ्याखाली अंथराव्यात आणि वेलीचा प्रत्येक पेर मातीने झाकावा. झाकलेल्या पेरातून नवी मुळे फुटतात, पानांना जवळूनच पाणी मिळते आणि सोसाट्याच्या वाऱ्यात वेल उलटत नाही. मुख्य खोड व दोन्ही बाजूंच्या फांद्या ठेवून पुढचे फुटवे खुडावेत, आणि मुख्य खोडावर बुंध्यापासून तीन-चार मीटरवर धरलेले एकच फळ राखावे.

उघड्या जमिनीचा पृष्ठभाग आपल्या उन्हाळ्यात पन्नास अंशांपेक्षा अधिक तापतो, त्यामुळे आच्छादन ही उष्ण प्रदेशातील भोपळ्याची पहिली गरज आहे. उसाच्या पाचटाइतके चांगले आच्छादन पश्चिम महाराष्ट्रात दुसरे नाही, आणि ते जाळून टाकले जाते हे पाहून वाईट वाटते. मल्चिंग पेपर, म्हणजे जमीन झाकणारा प्लास्टिकचा कागद, वापरायचा असेल, तर चंदेरी बाजू वर ठेवावी. काळी बाजू वर राहिली, तर जमीन आणखी तापते. दुपारी पानांवर काही मिनिटे पाण्याचा बारीक फवारा दिला, तर बाष्पीभवनामुळे पान थंड होते. हा उपाय पठाराच्या कोरड्या हवेत गुण देतो. कोकणातल्या दमट हवेत पाणी उडतच नाही, पाने ओली राहतात आणि केवडा रोगाला आमंत्रण मिळते. फळावर पांढऱ्या कापडाची किंवा शेडनेटची सावली सुरुवातीपासून हवी, कारण उन्हाने साल अकाली कडक झाली की आतून वाढणाऱ्या गराच्या दाबाने ती फाटते. फळाखाली वाळूचा थर द्यावा, म्हणजे फळ वाढताना सहज सरकते आणि तळ कुजत नाही.

हिवाळ्यात भुरी रोग हमखास येतो आणि त्यावर गंधक हा जुना उपाय आहे, परंतु तापमान तिशीच्या पुढे असताना भोपळावर्गीय पिकांवर गंधक फवारल्यास पाने करपतात. फवारणी थंड वेळीच करावी आणि कोणतीही फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर करावी. कोवळ्या फळाला फळमाशीपासून जपण्यासाठी पातळ कापडी पिशवी आणि क्यू-ल्युअरचे, म्हणजे नर माशीला ओढणाऱ्या गंधद्रव्याचे, सापळे पुरेसे होतात.

कलिंगडाकडे वळताना बहुतेक अडचणी उलट्या होतात. त्याचे मूळ ईशान्य आफ्रिकेतले. सुदानच्या कोर्दोफान भागातील कडू नसलेल्या, पांढरट गराचे फळ हे त्याचे सर्वांत जवळचे नातलग असल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसून आले. त्याचे पान खोल कातरलेले असते, आणि असे पान हवेला उष्णता लवकर देऊन टाकते. अखंड रुंद पानाला ते जमत नाही. मुळे खोल जातात. कालाहारी वाळवंटातील रानकलिंगड पाण्याच्या ताणात पानांत सिट्रुलिन हे अमिनो आम्ल साठवते आणि ते पेशींना उन्हाच्या इजेपासून वाचवते. त्यामुळे दिवसाचे ३५ अंश कलिंगड सहज पेलते, आणि भोपळा जिथे खचतो तिथे त्यात साखर भरत असते. नदीच्या वाळूच्या पात्रात कलिंगडे लावण्याची आपली जुनी पद्धत या दृष्टीने फार शहाणपणाची आहे: वाळू सकाळी लवकर तापते, रात्री लवकर निवते, आणि खालचा ओलावा मुळांना खोल ओढतो.

अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातील होप हे गाव महाकाय कलिंगडांसाठी शंभर वर्षांपासून प्रसिद्ध आहे. तिथे १९३५ साली १९५ पौंडांचे, १९८५ साली २६० पौंडांचे आणि २००५ साली २६८.८ पौंडांचे, म्हणजे सुमारे १२२ किलोंचे फळ पिकले. असे वजन देणारा वाण 'कॅरोलिना क्रॉस'. एक वेल, एक फळ, भरपूर पाणी आणि लांब उन्हाळा हे त्याचे सूत्र आहे. खाण्यासाठी मात्र मी हा वाण कोणाला सुचवणार नाही, कारण गोडीसाठी काढणीआधी आठ-दहा दिवस पाणी कमी करावे लागते, आणि वजनासाठी तेच पाणी अखेरपर्यंत द्यावे लागते. या दोन उद्देशांची सांगड बसत नाही. पाण्याच्या पाळ्या अनियमित झाल्या, तर फळ तडकते. हा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

मला अधिक मोलाची वाटतात ती चवीसाठी जपलेली जुनी वाणे. दक्षिण कॅरोलायनातील ब्रॅडफर्ड कलिंगड एकोणिसाव्या शतकात अतिशय नावाजलेले होते, पण त्याची साल पातळ आणि मऊ, रेल्वेच्या डब्यात रचण्याजोगी नाही. म्हणून १९२२ नंतर ते बाजारातून गेले आणि केवळ एका कुटुंबाने घरच्या बागेत बी राखल्यामुळे टिकले. १९५४ साली आलेल्या 'चार्ल्स्टन ग्रे' या जाड सालीच्या, रोगाला दाद न देणाऱ्या वाणाने वाहतुकीचा प्रश्न सोडवला आणि कलिंगडाचे रूप ठरवून टाकले. गडद हिरव्या सालीवर पिवळे ठिपके असलेले 'मून अँड स्टार्स' नाहीसे झाले असे समजले जात होते. १९८० च्या सुमारास मिसुरीतील एका शेतकऱ्याकडे ते सापडले. आपल्याकडचे 'शुगर बेबी' अमेरिकेतून आणि 'असाही यामातो' जपानमधून आले. दोन्ही सरळ वाण आहेत, त्यामुळे त्यांचे बी शेतकरी स्वतः धरू शकतो. संकरित वाणाचे बी धरले, तर पुढच्या पिढीत फळे एकसारखी येत नाहीत.

बी कोणत्या फळाचे धरावे, याविषयी गोव्याचे दिवंगत मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आपल्या बार्देशातील पर्रा गावची हकीकत सांगत असत. तिथला एक शेतकरी हंगामाअखेरीस मुलांना कलिंगडे मनसोक्त खायला देई, अट एकच की बी चावायचे नाही. आणि त्यासाठी तो सर्वांत मोठी, उत्तम फळे निवडत असे, कारण त्याला त्यांचेच बी हवे असे. पुढच्या पिढीने मोठी फळे बाजारात पाठवली, मुलांपुढे लहान फळे ठेवली, आणि काही वर्षांत पर्ऱ्याच्या कलिंगडांचा आकार उतरत गेला. या हकीकतीतले शास्त्र अगदी बरोबर आहे. त्यात एवढीच भर घालावी लागेल की, उत्तम फळ निवडले म्हणजे फक्त आई निवडली जाते. मधमाशीने पराग कोणत्या वेलीवरून आणला, हे कळत नाही. महाकाय भोपळ्याचे उत्पादक म्हणूनच दोन्ही बाजूंची नोंद ठेवतात आणि बी कोणत्या वजनाच्या फळाचे, कोणाच्या शेतातले आणि कोणत्या वर्षाचे, हे पाकिटावर लिहितात.

हीच शिस्त कलिंगडाला लावणे अवघड नाही. दुसऱ्या दिवशी उमलणारी, टोकाशी पिवळसर झालेली नर आणि मादी कळी आदल्या संध्याकाळी ओळखून दोन्हींवर कागदी किंवा कापडी टोपी घालावी. सकाळी पराग लावून मादी फुलावर पुन्हा टोपी चढवावी आणि देठाला रंगीत दोरा बांधावा. एवढी खटपट नको असेल, तर दुसऱ्या वाणापासून किमान अर्धा ते एक किलोमीटर अंतर हवे. शेजारी कारले किंवा भोपळा असला, तर कलिंगड बिघडते, हा समज खोटा आहे, कारण या जाती एकमेकींत मिसळतच नाहीत. आणि कलिंगडाच्या दोन वाणांचा संकर झाला, तरी त्या वर्षीच्या गरावर त्याचा परिणाम होत नाही, तो पुढच्या वर्षी बी पेरल्यावर दिसतो. बी एकाच वेलीचे न घेता किमान सात-आठ निरोगी वेलींवरून घ्यावे, म्हणजे वाणातली विविधता टिकते.

फळाजवळचा ताणा, म्हणजे वेलीचा वळलेला तंतू, पूर्ण वाळला आणि जमिनीला टेकलेला भाग पिवळा झाला की फळ खाण्यास तयार होते. बियाण्यासाठी ते आणखी आठ-दहा दिवस वेलीवर ठेवावे. बी धुऊन, पाण्यावर तरंगणारे टाकून, सावलीत वाळवावे. बियाण्यातील ओलावा एका टक्क्याने कमी झाला किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले, तर त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, म्हणून आपल्या हवेत वाळवणे आणि हवाबंद बरणी ही दोन्ही आवश्यक आहेत. बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी, बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये, आणि लागवडीच्या तीन आठवडे आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबेला ठेवून पाहाव्यात; त्यांतल्या सात-आठ उगवल्या, तर बी पेरणीयोग्य समजावे.